काट्यापर्यंतची वाट: साखर कारखान्याच्या कोअर स्विचवर पॅकेट फिल्टर (प्रकल्प नोंदी, २०२५)

१८ ऑगस्ट २०२५

काम आजपासून सुरू. कारखान्याच्या कोअर स्विचवर, म्हणजे सगळी नेटवर्कं जोडणाऱ्या मुख्य यंत्रावर, पॅकेट फिल्टर (माहितीचा कोणता तुकडा, म्हणजे पॅकेट, जाऊ द्यायचा नि कोणता अडवायचा याचे नियम) बसवायचे आहेत, आणि तेही गळीत हंगाम उघडायच्या आत. एकदा मोळी पडली की मार्चपर्यंत या स्विचला हात लावायची सोय नाही. जे काय करायचं ते ओव्हरहॉलिंगच्या दिवसांतच.

कारण जानेवारीतलं आहे. रात्री दोनच्या सुमाराला तीन नंबरचा वजनकाटा मुका झाला. प्लॅटफॉर्मवर भरलेली ट्रॉली उभी, इंडिकेटरवर आकडा दिसतोय, पण संगणकात उतरत नाही. वजन हाताने टाकायची परवानगी आमच्याकडे कुणालाच नाही आणि ती नसावीच. चाळीस मिनिटं काटा बंद. मागे यार्ड भरून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागले, थंडीत टोळ्यांची माणसं ट्रॉल्यांच्या आडोशाला बसून राहिली. शेवटी केबिनमधला कन्व्हर्टर (काट्याचा आकडा नेटवर्कवर देणारा डबा) बंद करून चालू केला आणि आकडा आला. कारण सापडलं नाही. तेव्हाच्या वहीत मी एवढंच लिहिलंय: 'नेटवर्कमधून कुणीतरी त्याला धरून ठेवलं असावं.' ते कोण, हे सात महिने डोक्यातून गेलेलं नाही.

आजची स्थिती अशी. सहा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं: ऑफिस, काटे, सीसीटीव्ही, प्लांट, सर्व्हर, पाहुणे. वेगळे आहेत ते नावापुरते, कारण सगळ्यांचं राउटिंग (एका नेटवर्कातून दुसऱ्यात पोचवणं) कोअर स्विचच करतो आणि त्याच्यावर अडवणारी एकही ओळ नाही. टाइम ऑफिसच्या संगणकावरून मी आज बॉयलरच्या पीएलसीला (त्याला चालवणाऱ्या नियंत्रकाला) पिंग केला, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारली. दोन मिलिसेकंदांत उत्तर. हजेरी लावणाऱ्या यंत्राला बॉयलरशी बोलायचं काहीच कारण नाही, तरी वाट मोकळी आहे.

प्लांट आणि ऑफिसच्या मध्ये खरी फायरवॉल हवी, हे मी टिपणीत स्पष्ट लिहून दिलंय. यंदाचे पैसे बॉयलरच्या ट्यूबा बदलायला गेले. ट्यूब फुटली तर माणूस भाजतो, त्यामुळे त्या निर्णयावर माझी तक्रार नाही. तोवर हातात असलेल्या स्विचकडून जेवढं होईल तेवढं नीट करायचं.

२१ ऑगस्ट

आधी बघायचं, मग अडवायचं. कोअरवर मिररिंग लावून (सगळ्या पॅकेटांची प्रत काढून) दोन दिवस लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू ठेवला. पण ऑगस्टमधलं नेटवर्क हे हंगामातलं नेटवर्क नव्हे. मिल उघडून ठेवलीय, टर्बाइनचा रोटर बाहेर काढलाय, काटे झाकलेले आहेत. जे पॅकेट आज दिसत नाहीत तेच नोव्हेंबरात रात्री तीनला लागतील. नुसत्या कॅप्चरवर (पकडलेल्या पॅकेटांवर) विसंबून परवानग्यांची यादी केली तर पहिल्याच आठवड्यात गाळप थांबायचं.

म्हणून ठरवलं: प्रत्येक विभागात जाऊन बसायचं, आणि हंगामात कोणता संगणक कशाशी बोलतो ते माणसांनाच विचारायचं. शेतकी, काटा, लेखा, स्टोअर, लॅब, इन्स्ट्रुमेंट. सुरुवात काट्यापासून.

२५ ऑगस्ट

आजचा अख्खा दिवस काट्याच्या केबिनमध्ये. काटा क्लार्क तात्यांनी झाकण काढून सगळं चालू करून दिलं.

वजनाची साखळी अशी: प्लॅटफॉर्मखाली लोडसेल, तिथून इंडिकेटर, इंडिकेटरच्या पाठीमागून सीरिअल वायर, ती वायर हातभर लांबीच्या कन्व्हर्टरमध्ये, आणि कन्व्हर्टरमधून नेटवर्कची केबल. कन्व्हर्टर टीसीपी पोर्ट ४००१ वर वाट बघत बसतो (टीसीपी म्हणजे आधी जोडणी करून बोलायची पद्धत, पोर्ट म्हणजे यंत्राची क्रमांक दिलेली खिडकी). काट्याचा संगणक जोडणी करतो, वजन घेतो, जोडणी सोडतो. मग भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा होतं, आकडा सर्व्हरला जातो आणि पावती छापली जाते.

मी काट्याचा संगणक बाजूला ठेवून माझ्या लॅपटॉपवरून टेलनेटने थेट ४००१ ला जोडलं. पासवर्ड नाही, विचारपूस नाही. पडद्यावर ओळी पडायला लागल्या: ००००००, ००००००, ००००००. तात्यांना म्हटलं, जरा नजर ठेवा, आणि मी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभी राहिले. परत येऊन बघते तर मधल्या ओळी ००००६० झालेल्या. मी ५८ किलोची. काटा १० किलोच्या टप्प्याने मोजतो. हंगामात याच ओळीत कुणाचा तरी वर्षभराचा ऊस असतो.

दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याच पोर्टला जोडायला गेले तर कन्व्हर्टरने नाकारलं. तो एका वेळी एकच जोडणी घेतो. म्हणजे बाहेरच्या कुणी ती जागा धरली तर खऱ्या संगणकाला ती मिळणार नाही. आणि धरणारा मध्येच वीज जाऊन बंद पडला, तर कन्व्हर्टरला ते कळायला त्याच्या सेटिंगप्रमाणे वेळ लागतो. आमच्याकडे ते सेटिंग शून्यावर होतं. शून्य म्हणजे कायम वाट बघायची. ते आज ७ मिनिटांवर आणलं.

तात्या निघताना म्हणाले, "मॅडम, मोठं बंद पडलं ते एकदाच. पण दिवसातनं एकदोनदा आकडा अडकतोय बगा. दहा-पंधरा सेकंद. मग येतोय." हे आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

इंडिकेटरला वैधमापन निरीक्षकाचं सील आहे, दरवर्षी पडताळणी होते, हंगामात भरारी पथक येऊन काटा तपासतं. ते सील डब्याला आहे. डब्याच्या मागच्या वायरीपासून सर्व्हरपर्यंतची वाट कोणत्याच सीलखाली येत नाही, ती माझ्या विभागाची जबाबदारी आहे. २०२५-२६ साठी एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा व्हायच्या आधीच्या हिशेबाने काट्याचा एक टप्पा, १० किलो, म्हणजे ३५ रुपये ५० पैसे. काटामारीची चर्चा गावागावात असते. आमच्याकडे तशी चर्चा कुणी करू नये असं वाटत असेल, तर या वायरीला कोण हात लावू शकतं याचं उत्तर माझ्याकडे लेखी पाहिजे.

२ सप्टेंबर

गौरी-गणपतीमुळे निम्मा विभाग रजेवर. शांतता आहे, म्हणून कागदावर यादी लिहायला घेतली.

नियम एकच ठेवलाय: प्रत्येक ओळीसमोर माणूस पाहिजे. 'लेखा विभागाचे संगणक, सर्व्हरवर, टीसीपी १४३३ (डेटाबेसचा पोर्ट), कशासाठी: ऊस बिल, कुणी सांगितलं: मुख्य लेखापाल.' ज्या ओळीला माणूस नाही ती ओळ यादीत येणार नाही. जुन्या वहीत 'सगळं चालू ठेवा' असा एक शेरा सापडला, सही नसलेला. तो सोडून दिला.

स्विचची आज्ञावली सिस्को पद्धतीची, म्हणजे वाइल्डकार्ड मास्क (पत्त्याचा कोणता भाग जुळायला हवा ते सांगणारा आकडा) उलटा लिहायचा. जिथं शून्य तिथं बिट जुळलंच पाहिजे, जिथं एक तिथं काहीही चालेल. पूर्ण २४ च्या नेटवर्कला, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेल्या सगळ्या पत्त्यांना, ०.०.०.२५५. आमच्या नव्या मुलाने सवयीने २५५.२५५.२५५.० लिहिलं. स्विचने तेही मुकाट्याने घेतलं. फक्त त्या ओळीचा अर्थ झाला, 'शेवटचा आकडा शून्य असलेला जगातला कुठलाही पत्ता'. चूक दाखवणारा संदेश येत नाही. ओळ दिसते व्यवस्थित आणि काम करत नाही. म्हणून प्रत्येक ओळ दोघांनी वाचायची, एकाने मोठ्याने.

९ सप्टेंबर

पहिली यादी ऑफिस व्हीलॅनवर. काल संध्याकाळी साडेसहाला लावली. सर्व्हर उघडतो, इंटरनेट चालतं, प्रिंटर चालतो. काट्याकडे आणि प्लांटकडे जाणारं अडतं. समाधानाने घरी गेले.

सकाळी आठ वाजता टाइम ऑफिसमधून फोन. "मॅडम, मशीन चालू झालंय, पण नेट नाही. पत्ता १६९ नं सुरू होतोय." मग लेखा, मग स्टोअर. गंमत वाटावी असा फरक: जे संगणक रात्रभर चालू राहिले होते ते ठीक, आणि जे बंद करून घरी गेले होते तेच अडकलेले.

कारण शोधायला वीस मिनिटं लागली. सकाळी चालू झालेल्या संगणकाकडे पत्ताच नसतो (१६९ वाला तो न मिळाल्यावर स्वतःच लावून घेतो). तो डीएचसीपीला (पत्ते वाटणाऱ्या सेवेला) हाक मारतो तेव्हा स्वतःचा पत्ता ०.०.०.० असा लिहितो आणि हाक २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे सगळ्यांना मारतो. माझ्या यादीत परवानगी होती '१०.४०.१०.० मधून आलेल्यांना'. शून्य पत्त्याचा पॅकेट त्यात बसत नाही, आणि यादीच्या शेवटी न लिहिलेला 'सगळ्यांना नकार' असतोच. हाक सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. चालू राहिलेल्या संगणकांनी मात्र पत्त्याची आठ तासांची मुदत निम्मी झाल्यावर स्वतःच्या पत्त्यावरून थेट सर्व्हरशी बोलून ती वाढवून घेतली होती, आणि ती वाट उघडी होती.

सगळ्यात वर एक ओळ घातली: परमिट यूडीपी होस्ट ०.०.०.० ईक्यू ६८ होस्ट २५५.२५५.२५५.२५५ ईक्यू ६७. म्हणजे, पत्ता नसलेल्याची डीएचसीपीची हाक जाऊ द्या (ती यूडीपीने, म्हणजे जोडणी न करता, जाते). दहा मिनिटांत ऑफिस उठलं.

यापुढे चाचणी म्हणजे यादी लावून संगणक बंद करून पुन्हा चालू करणं. चालू यंत्रावर घेतलेली चाचणी अर्धीच असते.

१५ सप्टेंबर

दिशा. आज विभागातल्या दोघांना फळ्यावर समजावून सांगितलं, कारण यावर प्रत्येक जण एकदा तरी घसरतो. स्विच म्हणजे आवार, व्हीलॅन म्हणजे आवाराला लागलेलं गेट. 'इन' म्हणजे गेटातून आवारात येणारं, 'आउट' म्हणजे आवारातून गेटाबाहेर निघणारं. वॉचमन नेहमी आवारात उभा राहून बघतो. ऑफिसच्या संगणकाने पाठवलेला पॅकेट ऑफिस व्हीलॅनच्या 'इन' मध्ये येतो, तिथं बसलेल्या माणसाला तो 'बाहेर जाणारा' वाटत असला तरी.

आम्ही सगळ्या याद्या 'इन' वरच लावतोय. नको असलेला पॅकेट जिथून निघतो तिथंच थांबवलेला बरा. शिवाय खोटा मूळ पत्ता लावून निघालेला पॅकेटही तिथंच पकडता येतो. २००० सालच्या आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या दस्तऐवजामध्ये हेच सांगितलंय: ज्या नेटवर्कचा पत्ता, तो त्याच दारातून आला पाहिजे.

स्विचला आठवण नाही, हेही लक्षात ठेवायचं. फायरवॉल लक्षात ठेवते की ही विचारणा आतून गेली होती, म्हणून उत्तर येऊ द्या. स्विच प्रत्येक पॅकेट नव्याने बघतो. परतीच्या वाटेसाठी 'एस्टॅब्लिश्ड' लिहिता येतं, पण तो फक्त टीसीपीच्या हेडरमध्ये (पॅकेटच्या माथ्यावरच्या माहितीत) एसीके किंवा आरएसटी बिट, म्हणजे चालू जोडणीतला असल्याची खूण, आहे का एवढंच बघतो. कुणी मुद्दाम ते बिट लावून पाठवलं तर पॅकेट आत येईल. जोडणी उभी राहणार नाही, पण पॅकेट येईल. यूडीपीला तर तेही नाही. म्हणून काट्याच्या बाबतीत 'एस्टॅब्लिश्ड' वर थांबायचं नाही. पत्ता, पोर्ट, दोन्ही बाजू पुऱ्या लिहायच्या.

१९ सप्टेंबर

यादी लावली आणि स्विचने सांगितलं, हार्डवेअरमध्ये जागा नाही.

हे सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या माणसाला उपयोग होईल. स्विच यादी वरून खाली वाचत बसत नाही. त्याच्याकडे टीकॅम नावाची मेमरी असते. तिच्या प्रत्येक बिटाला तीन स्थिती: शून्य, एक, किंवा 'काहीही चालेल'. पॅकेटचं हेडर आलं की सगळ्या ओळींशी एकाच वेळी ताडून बघितलं जातं आणि सगळ्यात वरची जुळलेली ओळ निकाल देते. त्यामुळे यादी दहा ओळींची असो की पाचशे, वेग तोच. पण जागा ठरलेली, आणि ती महाग.

आमची जागा दोन गोष्टींनी खाल्ली. पहिली, पोर्टच्या रेंजा. '१०२३ पेक्षा मोठा कुठलाही पोर्ट' ही आपल्याला एक ओळ दिसते. टीकॅमला रेंज कळत नाही, त्याला बिटांचे नमुने कळतात. म्हणून १०२४ ते ६५५३५ चे तुकडे पडतात: १०२४ ते २०४७, २०४८ ते ४०९५, ४०९६ ते ८१९१, ८१९२ ते १६३८३, १६३८४ ते ३२७६७ आणि ३२७६८ ते ६५५३५. सहा. मूळ पोर्ट आणि पोचायचा पोर्ट दोन्हीकडे अशी रेंज लिहिली की सहा गुणिले सहा, छत्तीस. माझ्या यादीत अशा सात ओळी होत्या, म्हणजे २५२ जागा. रेंज तपासायला स्विचकडे मोजकी वेगळी सोय असते, ती संपली की हे असं पसरतं.

दुसरी गोष्ट गुणाकाराची. लेखाचे १२ संगणक, ३ सर्व्हर, ४ पोर्ट: १४४ ओळी.

उपाय यादीत नव्हता, पत्त्यांच्या मांडणीत होता. लेखाच्या सगळ्या संगणकांना १०.४०.१०.६४ ते ९५ मधले पत्ते दिले. हे बत्तीस पत्ते एका मास्कमध्ये बसतात, ०.०.०.३१. सर्व्हरचंही तसंच. १४४ च्या ४ झाल्या. मूळ पोर्टाकडच्या रेंजा काढून टाकल्या, त्यांनी मिळत काहीच नव्हतं. पत्ते आले तसे वाटत गेल्याची किंमत आम्ही इतकी वर्षं न कळत भरत होतो.

२६ सप्टेंबर

प्लांट. या नोंदींतला सगळ्यात अवघड दिवस.

चीफ इंजिनीअरना ऑफिसच्या पडद्यावर बॉयलरचा स्टीम प्रेशर, मिलचा गाळप दर आणि टर्बाइनचं लोड दिसायला हवं. मागणी रास्त आहे. आत्तापर्यंत ऑफिसकडचा सर्व्हर थेट पीएलसींना विचारायचा, मॉडबस टीसीपीवर (यंत्रांशी बोलायची एक पद्धत), पोर्ट ५०२. मला वाटलं, सोपं आहे: फक्त त्या एका सर्व्हरला ५०२ ची परवानगी, बाकी सगळे बंद.

इन्स्ट्रुमेंटचे दादा शेजारी उभे होते. म्हणाले, "त्या पोर्टवरून आकडा वाचता येतो, तसा लिहिताही येतो. सेटपॉइंट बदलायलाही तेच पोर्ट. तुमचा स्विच यातला फरक ओळखतो का?"

ओळखत नाही. मॉडबस १९७९ सालचा प्रोटोकॉल, त्यात पासवर्डच नाही. वाचायचं असेल तर फंक्शन कोड ३, लिहायचं असेल तर ६ किंवा १६. हा कोड टीसीपीच्या पोटात आठव्या बाइटला असतो. स्विचचा फिल्टर पत्ता आणि पोर्ट बघून निकाल देतो, पोटातलं बघत नाही. म्हणजे 'वाचायची परवानगी' असं मी कागदावर लिहिलं असतं आणि प्रत्यक्षात बॉयलरच्या फीड वॉटरचा सेटपॉइंट (किती ठेवायचं तो आकडा) बदलायची परवानगी दिली असती. तो सर्व्हर उद्या कुणाच्या हाती लागला तर?

तीन तास बसून वाट उलटी केली. प्लांटच्या आतच एक छोटा संगणक ठेवायचा. तो पीएलसींकडून आकडे वाचेल आणि स्वतःहून ऑफिसच्या सर्व्हरला पाठवेल. जोडणी नेहमी आतून बाहेर. ऑफिसकडून प्लांटकडे नवी जोडणी सुरू करायची एकही ओळ नाही. ५०२ तर कुणालाच नाही. परतीला फक्त त्या एका संगणकाकडे, त्या एका पोर्टवरून आलेलं उत्तर. मागणी पुरी झाली आणि वाटही बंद राहिली. दादांनी तो प्रश्न विचारला नसता तर मी वेगळंच करून बसले असते.

डीसीएसच्या (प्लांटच्या नियंत्रण यंत्रणेच्या) कामाच्या संगणकावर अजून विंडोज ७ आहे. त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं २०२० च्या जानेवारीत संपलं. बदलायचं म्हटलं तर डीसीएसचं सॉफ्टवेअरच बदलावं लागतं. त्यावर दूरवरून मदत करण्यासाठी कुणीतरी कधीतरी एक रिमोट सॉफ्टवेअर बसवलेलं सापडलं, कायम चालू. काढलं. मदत लागेल तेव्हा केबल लावू, काम झाल्यावर काढू. दादांनी वहीच टांगलीय तिथं: कुणी, कधी, किती वेळ.

३ ऑक्टोबर

काल दसरा, बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं. आता दिवस मोजायला लागलेत.

आजपर्यंतच्या याद्या व्हीलॅनच्या दारावर आहेत. एकाच व्हीलॅनमधले दोघं एकमेकांशी बोलतात तेव्हा ते दारात येतच नाहीत. चार काट्यांच्या केबिनी एकाच व्हीलॅनमध्ये आहेत, म्हणजे एक नंबरच्या केबिनमधून तीन नंबरचा कन्व्हर्टर धरता येतो. त्यासाठी केबिनमधल्या छोट्या स्विचवर, केबल लागते त्या पोर्टापोर्टाला यादी. प्रत्येक काट्याच्या संगणकाला फक्त त्याच काट्याचा कन्व्हर्टर, पोर्ट ४००१, आणि सर्व्हरचा १४३३. बाकी नाही.

मग मनात आलं, कुणी काट्याच्या संगणकाची केबल काढून तिथं लॅपटॉप लावला आणि तोच पत्ता घेतला तर? यादी तर खूश होईल. म्हणून पोर्टला मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) बांधला, एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक विचारण्याची हाक) तपासणीही लावली. एआरपी हा आयपीचा भाग नाही, त्यामुळे आयपीची यादी त्याला हातच लावत नाही. त्याला वेगळी सोय लागते. मॅकही खोटा करता येतो, हे मला ठाऊक आहे. पण केबिनला कुलूप आहे, कॅमेरा आहे आणि तात्या आहेत.

१० ऑक्टोबर

आयपीव्ही६, पत्त्यांची नवी पद्धत (आमची नेहमीची व्ही४). ती आम्ही वापरत नाही असं सगळे म्हणतात. कॅप्चर उघडलं तर विंडोजचे संगणक आपसात व्ही६ वर बोलताना दिसतात. व्ही४ च्या यादीला ते पॅकेट दिसतच नाहीत. कोअरवर व्ही६ चं राउटिंग बंद आहे त्यामुळे व्हीलॅन ओलांडून जात नाहीत, पण काट्याच्या आणि प्लांटच्या पोर्टांवर व्ही६ पूर्ण बंद केलं, ऑफिसमध्ये आरए गार्ड (खोट्या राउटरच्या व्ही६ घोषणा अडवणारी सोय) लावला. चार दिवसांनी, १४ तारखेला, विंडोज १० चाही सपोर्ट संपतोय आणि ऑफिसमधले निम्मे संगणक त्यावरच आहेत. बदलायची यादी दिलीय.

१६ ऑक्टोबर

आज स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. सर्व्हर व्हीलॅनची यादी दुरुस्त करायची म्हणून जुनी पुसली आणि नवी टाइप करायला लागले. व्हीलॅनच्या दारावर यादीचं नाव तसंच होतं. यादी रिकामी असते तोवर सगळं उघडं असतं. पण पहिली ओळ पडली रे पडली की तिच्यामागचा न लिहिलेला नकार जिवंत होतो. पहिली ओळ डीएचसीपीची होती. माझी जोडणी तिथंच तुटली.

कामाला बसण्यापूर्वी 'रीलोड इन १०' दिलं होतं, तेवढं वाचलं. दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू झाला आणि साठवलेल्या जुन्या सेटिंगवर आला. हंगामात हे परवडणार नाही. यापुढे नवी यादी नव्या नावाने लिहायची, पूर्ण वाचायची आणि मग दारावर एका आज्ञेत नाव बदलायचं. हे कागदावर लिहून स्विचच्या रॅकला चिकटवलंय.

२५ ऑक्टोबर

भाऊबीज करून सगळे परतले. आज पूर्ण तालीम. चारही काटे चालू, रिकामा ट्रक आत-बाहेर, पावत्या छापल्या, संगणक बंद-चालू केले, केबिनची वीज घालवून आणली. ऑफिसमधून ४००१ ला जोडायचा प्रयत्न: उत्तर नाही. पाहुण्यांच्या वाय-फायवरून: उत्तर नाही. एक नंबरच्या केबिनमधून तीन नंबरला: उत्तर नाही.

एक गोष्ट कळायला वेळ लागला. नेहमीच्या आज्ञेने यादी बघितली तर जुळलेल्या पॅकेटांचे आकडे शून्य. घाबरायला झालं. पण हार्डवेअरने हाताळलेले पॅकेट या आकड्यांत धरले जात नाहीत, त्यांची आज्ञा वेगळी आहे. शेवटच्या नकाराला 'लॉग' जोडून बघितलं तर नाकारलेला पॅकेट सीपीयूकडे जायला लागला आणि सीपीयू ८० टक्क्यांवर गेला. काढलं. 'लॉग' फक्त एका ओळीवर ठेवलाय, ऑफिसच्या यादीत: कुठूनही, कन्व्हर्टरच्या ४००१ कडे, नकार. तिथं काही येऊच नये. आलं तर मला पत्ता पाहिजे.

३ नोव्हेंबर

मोळी पडली. पहिली बैलगाडी एक नंबरवर सकाळी. पावती व्यवस्थित. रात्री दोनपर्यंत केबिनमध्ये थांबले. कुठेही आकडा अडकला नाही.

९ नोव्हेंबर

सापडलं.

काल दुपारी त्या एका ओळीवर लॉग आला. मूळ पत्ता १०.४०.१०.१३१, जायचंय चारही कन्व्हर्टरांकडे, ४००१. दुपारी ३:१०, पुन्हा ४:४०, आज सकाळी ९:२०. १३१ म्हणजे स्टोअर.

स्टोअरमध्ये गेले. संगणकावर बारकोड लेबल छापायचं सॉफ्टवेअर आहे. लेबल प्रिंटर बंद असताना ते उघडलं की ते प्रिंटर शोधायला निघतं, आणि फक्त आपल्या नेटवर्कमध्ये नाही, तर कधीतरी कुणीतरी सेटिंगमध्ये लिहिलेल्या १०.४०.०.० च्या सगळ्या नेटवर्कात, एका ठरलेल्या पोर्टांच्या यादीवर. त्या यादीत ४००१ आहे. दहा-पंधरा सेकंद प्रत्येकाला धरून बघतं आणि सोडतं. तात्यांचे दहा-पंधरा सेकंद.

मग स्टोअरकीपरांना जानेवारीतलं इश्यू रजिस्टर मागितलं. त्या रात्री मिलचं बेअरिंग गेलं होतं, म्हणून स्टोअर अवेळी उघडलं. रजिस्टरमध्ये बेअरिंग दिल्याची वेळ २:१०. त्यांना ती रात्र आठवत होती: लेबल छापायला गेले आणि यूपीएस बसला, संगणक मधेच बंद पडला, म्हणून लेबल हाताने लिहिलं. ते लेबल अजून रिकाम्या खोक्यावर आहे. संगणक बंद पडला तेव्हा तीन नंबरचा कन्व्हर्टर त्याच्या हातात होता. कन्व्हर्टर बंद-चालू करेपर्यंत तो सुटणार नव्हता.

सेटिंगमधली ती रेंज काढली, प्रिंटरचा पत्ता नेमका लिहिला. स्विचवरची ओळ आहे तशीच राहील. संध्याकाळी तात्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मागे लागलेल्या ट्रॅक्टरला हात केला, वजन घेतलं, पावती फाडून शेतकऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "म्हंजे काटा खरंच अडकत होता. मला वाटायचं, माझी नजर कमी झालीया."